कानातला जबडा

लहानपणी माझा डावा कान फुटला आणि वाहू लागला. त्या कानात कोणीतरी कुरतडायचं. कर्र... मग थांबायचं, कानोसा घेतल्यासारखं. पुन्हा कर्र. कानात जनावर शिरलंय, असं मी सगळ्या हिंगणी गावाला सांगून आले. अक्कल केवढी, तर ते बाहेर यावं म्हणून कानाशी गुळाचा खडा ठेवून झोपायची! मुंग्या तेवढ्या आल्या. आई लसणाचं कोमट तेल घालत म्हणाली, "जनावर कानात नाई, तुह्या डोक्यात हाये."

लग्न झाल्यावर तोच कान कामाला आला. सासूबाई भांडी घासायला सांगू लागल्या की मी डावी बाजू त्यांच्याकडे करायची. पुढे तो खरोखरच ठार बहिरा झाला. राहिली ती फक्त कुरतड.

यंदा उजवाही मंदावला. डॉक्टरकी शिकणाऱ्या नातीचं बोलणं निसटू लागलं, तेव्हा मात्र मी घाबरले. डाव्या कानातलं झिजलेलं हाड काढून नवं बसवायचं ठरलं.

नातीनं मोबाइलवर चित्र दाखवलं. मुंगसाएवढं अंग, बाहेर आलेले सुळे.

"हा कोण वं? तुह्या होणाऱ्या सासरचा?"

"सायनोडॉन्ट!" ती उजव्या कानाशी ओरडली. "शिकारी होता. कधीचाच संपला. दूध पाजणारे आपण सारे त्याच्याच भावकीतले."

"मग मले काऊन दाखवून राह्यली?"

"त्याच्या जबड्याच्या सांध्यात दोन हाडं होती. पिढ्यान्‌पिढ्या लहान होत ती कानात सरकली. तुह्यं झिजलेलं हाड त्यातलंच एक."

माझा हात कानावर गेला. "म्हंजे जबडाच होता तिथं."

"हाड हाये ते, आजी. चावत नाई."

ऑपरेशन झालं, पट्टी निघाली. एका दुपारी लाइट गेली, पंखा थांबला. नात माझ्या डावीकडे वाचत बसली होती. कानात काहीच नव्हतं. इतक्या वर्षांची कुरतड गेली होती. त्या शांततेचीच मला भीती वाटू लागली.

तेवढ्यात डावीकडून, अगदी हळू आवाजात, "आजी, काय चावून राह्यली तू?"

अक्षर न् अक्षर ऐकू आलं! मी तिला जवळ ओढणारच होते.

मग खिडकीतल्या वाटीकडे नजर गेली. माझी कवळी पाण्यात पडली होती. माझं तोंड मिटलेलं होतं.

"काई नाई," मी म्हणाले.

नात पुस्तकातून मान वर काढून, माझ्या डाव्या कानाकडे बघत अजून ऐकतच होती.