तेल घालून परत

मिस्तरी शिलाई मशीन दुरुस्त करतात. त्यांच्या दुकानाच्या वरची खोली मी भाड्याने घेतली आहे. ते माझ्या वडिलांहून मोठे, तरी आमची मैत्री झाली. दोघांनाही चहा कडक लागतो.

रक्ताचा कॅन्सर झाल्याचं त्यांनीच मला सांगितलं. सुईत दोरा ओवता ओवता. साहित्याची पदवी, आणि माझ्या तोंडून निघालं ते फक्त, "म्हणजे?"

"सावकाश वाढणारा आहे म्हणे," ते म्हणाले. "आत्ता औषध नाही. दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं, बस."

"मग बरंच आहे की."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "पोरी, तुला धंद्यातलं काय कळतं?"

मग धंद्यातलं सांगितलं. एखादं मशीन पार झिजून येतं. मालकिणीचा जीव त्यात अडकलेला. खरं सांगवत नाही. मिस्तरी ते उघडतात, पुसतात, तेल घालतात आणि परत देतात. चालतंय तोवर चालवा, म्हणतात.

"डॉक्टरांनी मला तेल घालून परत दिलंय," ते म्हणाले.

त्या दिवसापासून त्यांना सगळीकडे काळंबेरं दिसू लागलं. परगावी असलेला मुलगा रोज फोन करतो, का? ज्याने जन्मात कधी चहा पाजला नाही तो मेहुणा फळं घेऊन येतो, का? आणि सर्वांत मोठा पुरावा म्हणजे काकू, त्यांची बायको. काकूंच्या तोंडाचा पट्टा अख्ख्या गल्लीला माहीत. तो एकाएकी बंद. मिस्तरींनी ओला टॉवेल गादीवर टाकला, काकू गप्प. चष्मा हरवला, काकूंनी मुकाट्याने शोधून दिला.

"पाणी मुरतंय," मिस्तरी म्हणाले.

त्यांनी मुद्दाम तेलकट हात पडद्याला पुसले. काकूंनी पडदा काढला, धुवायला टाकला, वर हसल्या. मिस्तरींचा चेहरा उतरला.

आता मलाही शंका येऊ लागली. काकू मला जिन्यात गाठून हळूच विचारत, "जेवले का नीट?" त्यांना असं काय माहीत होतं, जे आम्हाला नव्हतं?

तपासणीचा दिवस आला. मिस्तरी उठेनात.

"शेवट ठरलेल्या नाटकाचं तिकीट कशाला काढू?" म्हणाले आणि हत्यारांचा डबा माझ्या हातात दिला. "ठेव तुला. तुझ्या दाराची कडी ढिली आहे."

त्या डब्याला ते कुणाला हात लावू देत नसत.

काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी डबा पाहिला.

"हे काय? वाटण्या चालल्यात?"

"तुला काय करायचंय?"

"मला काय करायचंय! तीन महिने जीभ दाताखाली धरून बसलेय मी. पोराने बजावलं, बाबांना बोलू नकोस. पडद्याला हात पुसलेत, गिळलं मी!"

"तू गिळलंस म्हणून तर कळलं, माझं संपलं."

मग मिस्तरींनी तेलाचं सांगितलं. काकूंनी कपाळावर हात मारला.

"अहो, त्या बायकांना तुम्ही पुन्हा कधी बोलावलंत? त्या दिसल्या की बोळातून पळता! डॉक्टर तर या म्हणतोय. गाठी चाचपतो, वजन करतो, ताप विचारतो. टाकून दिलेल्या मशीनचे एवढे लाड कोण करतं? आत्ता औषध दिलं तर फायदा नाही, उगाच त्रास होईल, वाढायला लागलं तर सुरू करू, असं म्हणाला तो. पण ऐकणार कोण? तुमचं सगळं लक्ष त्याच्या टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाकडे!"

मिस्तरींनी माझ्या हातातला डबा काढून घेतला आणि ते चपला शोधू लागले.

बसमध्ये काकू पुढे बसल्या. मिस्तरी माझ्या कानाशी वाकले.

"ओरडायला तूच सांगितलंस ना तिला?"

"नाही हो."

"शपथ?"

"शपथ."

रक्त काढताना त्यांनी नळीवरचं नाव दोनदा वाचून घेतलं. अहवाल आल्यावर डॉक्टर म्हणाले, आकडा किंचित वाढलाय, अजून औषध नको.

"मग परत कधी यायचं?"

डॉक्टरांनी तारीख सांगितली.

"तोंडी नको," मिस्तरी म्हणाले. "लिहून द्या. सहीसकट."