पूजेच्या दिवशीचा फोटो

वीस वर्षं रोज कारखान्यात गेलेला माणूस तिथे कधी आलाच नव्हता, असं कोर्टात म्हणायला किती निर्ढावलेपण लागतं, सांगाल?

माझे वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर होते. मालकाने त्यांना काढलं आणि हात वर केले: हा आमचा कामगारच नाही. वडिलांकडे ना नेमणुकीचं पत्र, ना हजेरीवर नाव. बरोबरचे साक्षीला येईनात. त्यांच्या चुली त्याच कारखान्यावर पेटत होत्या. मी युनियनची पत्रकं वाचत मोठी झालेली. म्हटलं, लढायचं. आपण तिथे होतो, एवढंच वडिलांना शाबित करायचं होतं.

पुरावा मीच शोधला. आईच्या ट्रंकेत कारखान्यातल्या खंडेनवमीच्या पूजेचा फोटो होता. हार घातलेला माग, शेजारी वडील. एरवी त्यांच्या केसांत, भुवयांत कापसाची लव चिकटलेली असायची. त्या दिवशी इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि तेल लावून चापून बसवलेले केस. सकाळी तासभर आरसा सोडला नव्हता.

"नवरदेव निघाला की!" आई म्हणाली होती.

"वर्सातनं एकदा तरी माणसात दिसू दे की," वडील हसले होते.

मालकाच्या वकिलाने फोटो वर धरला. "साहेब, हा कामगार दिसतो का? पूजेला बोलावलेला पाहुणा आहे हा."

कोर्टात जायचं म्हणून वडील त्या दिवशीही तोच शर्ट घालून उभे होते. त्यांनी मान खाली घालून एकदा शर्टाकडे पाहिलं.

बाहेर रिक्षा थांब्यावर म्हणाले, "माजंच चुकलं बग. मळक्या कापडात उबा ऱ्हायला पायजे हुतो."

"आण्णा, तुमची चूक न्हाय."

"मग कुणाची? फोटो तर माजाच हाय की."

मी वाचलेल्या एकाही पत्रकात याचं उत्तर नव्हतं.

निकाल विरोधात गेला. वर्षभरात वडीलही गेले. भिंतीवर लावायला दुसरा फोटो नव्हता. स्टुडिओवाल्याने त्यातूनच त्यांचा चेहरा मोठा करून दिला. माग कापला गेला.

तुम्ही कुठेही कामाला असा. उद्या गेलात की हजेरीपत्रक दाखवायला सांगा, त्यात आपलं नाव स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. एकट्याने मागू नका. चौघं मिळून जा.