नको म्हणणाऱ्याला हलवण्याचे नियम

लॉइड ट्वेटनने हिवाळाभर खपून उभा केलेला खलनायक मी पहिल्याच डावात सुपीरिअर सरोवराच्या मधोमध नेऊन टाकला. गडी अंगभर पोलादी चिलखत घातलेला. बुडाला. जगाचा नाश टळला, आणि आमचा शनिवारचा खेळ जाळीवरची सॉसेजं उलटायच्या आत आटोपला.

"छान," लॉइड म्हणाला. "आता काय, विणकाम करायचं?"

सुपरहीरोंच्या या खेळात माझ्या नायकाला एकच विद्या येते, कुणालाही इथून गायब करून तिथे काढायची. ती खुद्द खलनायकावर चालवून खेळच संपवू नये, एवढी अक्कल मला नव्हती.

खेळ चालवायचा लॉइड. म्हणजे शहर त्याचं, चोर त्याचे, पोलीसही त्याचेच. आम्ही पन्नाशी ओलांडलेले दोघं, मी आणि बर्नी, मनातल्या मनात रंगीत झगे घालून फासे टाकणार. लॉइडने जन्मभर काउंटीची बर्फ लोटायची गाडी चालवली. समोर येईल ते कडेला लोटायचं, एवढंच तत्त्वज्ञान. निवृत्तीच्या दिवशी गाडी काढून घेतली, तेव्हापासून तो आम्हाला लोटतो. त्याच्या तळघरातल्या खुर्च्या तर अशा, की बसणारा आपोआप नम्र होतो.

पुढच्या शनिवारी तो नवे नियम घेऊनच बसला.

"ज्याला जायचं नाहीये, त्याला आधी हात लावायचा. लांबून फुंकर मारलेली चालणार नाही."

"लावीन."

"मग तो फासे टाकणार. दहाच्या वर पडले, तर तो जागचा हलत नाही."

"आणि खाली पडले, तर मी त्याला ज्वालामुखीत टाकतो!"

"ज्वालामुखी पाहिलायस?"

"फोटोत."

"फोटो चालत नाही. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या जागीच टाकायचं." त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "म्हणजे तुझ्या बाबतीत आपलं गाव आणि तुझी सासुरवाडी."

बर्नी इतका हसला, की रूट बिअर त्याच्या नाकातून आली.

मार्चमध्ये लॉइड स्वतःच्याच दारातल्या गोठलेल्या पायरीवरून घसरला आणि खुब्याचं हाड मोडून बसला. मुलगी कारीन अ‍ॅरिझोनाहून धावत आली. तिच्याकडे बाबांसाठी खोली तयार होती. हे घर विकायचं, बाबांना कायमचं न्यायचं, असं तिने ठरवूनच टाकलं होतं. अडत होतं ते फक्त बाबांपाशी. तिने मला स्वयंपाकघरात गाठलं.

"रॉय, तुम्ही सांगा ना त्यांना. तुमचं ऐकतील ते."

लॉइडने माझं काही ऐकल्याचं आजवर कुणी पाहिलेलं नाही, तरी मी फुगलो. तो गेला तर आमचे शनिवार गेले, हे कळत होतं. पण त्या पायरीवरून आत येताना मीही घसरता घसरता वाचलो होतो.

शनिवारी लॉइड वॉकरला शिव्या घालत तळघरात उतरला. कारीन जिन्यावर बसून राहिली. मी त्याच्याजवळ गेलो आणि खांद्यावर हात ठेवला.

"लॉइड, जा बाबा पोरीकडे. बर्फ नाही, पायऱ्या नाहीत. उन्हात बसशील आरामात."

लॉइडने आधी माझ्या हाताकडे पाहिलं, मग टेबलावरच्या फाशांकडे. फासे उचलून त्याने टाकले.

चार.

"बाई, तुझे बाबा हरले," बर्नीने कारीनला समजावलं. "दहाच्या वर हवे होते. आता त्यांना जावं लागणार."

कारीन चटकन उठून उभी राहिली. लॉइड फाशांकडेच बघत राहिला. जिंकूनही मला काही बरं वाटेना.

"अरे, फार झकास जागा आहे ती," मी आपलं त्याला धीर द्यायला म्हणालो. "अ‍ॅरिझोना बघशील तर इथलं नाव काढणार नाहीस."

लॉइडने खांद्यावरचा माझा हात दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवला.

"आधी तू बघून ये."