सिस्टरनी आम्हाला चालायलाच काहून लावलं

सिस्टर जोसेफा गेल्या, आणि शाळेच्या ग्रुपवर भांडण लागलं.

सकाळी बातमी आली. थोडा वेळ सगळ्यांनी हात जोडले, रडके इमोजी टाकले. मग आमच्या वंदनाने विचारलं, "पण सिस्टरनी आपल्याला वॉकिंगच काहून शिकवलं असेल गं?"

झालं. सुरू.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. हिंगोलीत आमची कॉन्व्हेंट शाळा. तेव्हा ती एका भाड्याच्या गोडाऊनमध्ये भरायची. वर पत्रे, मधे प्लायवूडची पार्टिशनं. पाचवीचं गणित सहावीला आपोआप ऐकू यायचं.

ख्रिश्चन मूल शोधूनही सापडायचं नाही. बहुतेक आम्ही मागच्या वस्तीतल्या, नाहीतर जीपने खेड्यावरून येणाऱ्या.

आणि या शाळेच्या ऑफिसात जेवढे कप होते, ते सगळे एकाच खेळाचे.

कबड्डी नाही. खो-खो नाही. चालण्याची शर्यत.

यात एक पाय कायम जमिनीला टेकलेला लागतो आणि पुढचा गुडघा सरळ. दोन्ही पाय हवेत दिसले की पळालात, म्हणजे फाऊल. मग सगळा वेग कमरेतून काढावा लागतो. लांबून बघणाऱ्याला ते लय विचित्र दिसतं.

सिस्टर केरळच्या. मराठी इथंच शिकल्या, त्यामुळे "का" त्यांना येतच नव्हतं. "काहून" यायचं.

तर ग्रुपवर वंदना म्हणे, सिस्टरनी तिला सांगितलं होतं की या खेळात दुसऱ्या शाळा नावच देत नाहीत, मेडल सोपं. शबानाला सांगितलं होतं की माझे गुडघे गेलेत, तुमच्यामागे पळू शकत नाही. तिसरीला म्हणाल्या होत्या, तू तशीही शाळेत उशिरा येतेस, चालायला शीक.

प्रत्येकीकडे वेगळं उत्तर, आणि प्रत्येकीने ते सिस्टरच्याच तोंडून ऐकलेलं.

मी कधी विचारलंच नव्हतं. माझा प्रश्न वेगळा होता. माझे पप्पा.

पप्पा आमच्याकडच्या गोरेगावहून हिंगोलीपर्यंत पॅसेंजरची जीप चालवायचे. आमची प्रॅक्टिस सकाळी त्याच रोडवर. एका संध्याकाळी घरी आले आणि म्हणाले, उद्यापासून ते चालणं बंद.

मी विचारलं काहून. म्हणाले, "गाडीतले लोक हसून राहिले होते. मी बी हसलो. मंग जवळ आल्यावर तू दिसली."

दुसऱ्या दिवशी मी प्रॅक्टिसला गेले नाही. सिस्टरनी वर्गात विचारलं तेव्हा खरं ते सांगून टाकलं. त्यांनी फक्त मान हलवली आणि उद्या ये म्हणाल्या.

मी घाबरत घाबरत गेले. पप्पांची जीप आली तशी सिस्टर रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या आणि हात केला. जीप भरलेली, मागे दोघं लटकलेले. सिस्टरनी पप्पांना खाली उतरायला सांगितलं.

"भाऊ, हिच्यासंगं त्या पुलापर्यंत चाला. पळायचं न्हाई."

पप्पांना काय करावं कळेना. पण गाडीतलेच लोक चला चला करू लागले, त्यांना तमाशा पाहिजे होता. पप्पा निघाले. मीही निघाले.

बापासमोर जिंकायचं की मागं राहायचं? मी वळून सिस्टरकडे पाहिलं. त्या दुसरीकडेच बघत होत्या.

मग मी चालले. जसं शिकवलं होतं तसं.

पप्पा आधी बरोबर होते. मग त्यांच्या चपलांचा आवाज मागे पडला. मग तो आवाज बदलला. पप्पा पळत होते. गाडीतून कोणीतरी ओरडलं की ड्रायव्हर पळतोय, आणि सगळे हसले. पण आता माझ्यावर नाही.

पळूनसुद्धा ते पुलावर माझ्यानंतरच पोचले. गुडघ्यांवर हात ठेवून श्वास घेतला, माझ्याकडे नीट बघितलं, आणि परत गाडीकडे गेले. तिथे सिस्टरशी किती तरी वेळ बोलत राहिले. मागचे पॅसेंजर वैतागले.

त्यानंतर ते आमच्याजवळून जाताना जीप हळू करायचे आणि पॅसेंजरना सांगायचे, ती ओळीतली दुसरी, ती माझी.

मी पुढे विभागाला मेडल आणलं.

आज बातमी सांगायला पप्पांना फोन केला. आता जीप नाही, ते घरीच असतात. ग्रुपवरचं भांडणही सांगितलं. मला वाटलं हसतील.

"तुमाला ग्राउंड न्हाई दिलं, बाई," पप्पा म्हणाले.

सिस्टर सकाळच्या प्रॅक्टिससाठी हिंगोलीतलं ग्राउंड मागायला कितीदा तरी गेल्या होत्या. तिथल्या लोकांनी आधी विचारलं, पोरी कोणत्या वस्तीतल्या. मग म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. दर वर्षी पुढच्या वर्षी.

"त्या दिवशी मी सिस्टरला तेच इचारलं. लेकरायला रोडवर काहून आणता म्हणून. तर म्हणल्या, भाऊ, रोडवर यायला कोणाची परमिशन लागत न्हाई. अन् रोडवर होईल असा खेळ मला एवढाच सापडला."

मी विचारलं, मग इतकी वर्षं सांगितलं का नाही.

"पोरीयला सांगू नका म्हणल्या. त्यायला नुसतं खेळू द्या."

मी फोन ठेवला.

दोन दिवाळ्यांमागे सिस्टरना भेटायला गेले होते. आता शाळेला स्वतःची इमारत आहे, मोठं ग्राउंड आहे. पोरी रिले पळतात, लांब उडी मारतात. मी तक्रारीच्या सुरात म्हणाले होते, सिस्टर, आता वॉकिंगला कोणी नावच देत नाही.

सिस्टर हसल्या होत्या. "बरं झालं," म्हणाल्या.

तेव्हा मला वाईट वाटलं होतं. आमचं सगळं पुसल्यासारखं.

आज समजलं त्या कशाला बरं म्हणत होत्या.

ग्रुपवर अजून टाकलेलं नाही. आधी इथे लिहिलं.

सिस्टर, तुमच्या सगळ्या पोरींकडून मनापासून नमस्कार. शांत झोपा.