पौषातला कूलर

ती घटना आठवली की आजही आधी लसणाचा वास येतो, मग लाज वाटते आणि शेवटी हसू येतं. क्रम ठरलेला आहे. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, एकदा तर चोरीला गेलेला रोडरोलरही शोधून काढला. पण घरी कुणी पाहुणा आला आणि "साहेब, एखादी केस सांगा" म्हणाला, की बायको आतून सांगते, "ती कूलरवाली सांगा." म्हणून एकदाची लिहूनच टाकतो. नावं कुणाचीच देणार नाही. ती माणसं अजून त्याच गल्लीत राहतात आणि माझं त्यांच्याकडे येणंजाणं आहे.

तेव्हा मी पूर्व नागपुरातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. निवृत्तीला चार महिने उरले होते. या चार महिन्यांत काही अधिकारी फायलींवरची धूळ झटकत बसतात आणि काहींना जाता जाता एक मोठी केस करावीशी वाटते. मी पहिल्या प्रकारातला आहे असं मी सगळ्यांना सांगत असे. तसा मी नव्हतो.

एका सकाळी हजेरी आटोपली, गस्तीचे बीट वाटून झाले आणि एक गृहस्थ आत आले. पौषातली थंडी होती. ठाण्यातल्या शिपायांनी कानटोप्या घातल्या होत्या, माझा हवालदार मफलर गुंडाळून चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून बसला होता, आणि हे गृहस्थ अर्ध्या बाहीच्या सदऱ्यात. मी विचारलं तर म्हणाले, स्वेटरची गरजच पडत नाही, शेजाऱ्याच्या बाजूची भिंत चोवीस तास गरम असते. मग खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाले, "साहेब, त्याच्या घरी कूलर चालू हाये."

बाहेरगावच्या वाचकांना यात काय विशेष, असं वाटेल. नागपुरात कूलर होळीच्या सुमारास निघतो, पाऊस स्थिरावला की ताडपत्री पांघरून झोपतो. मधल्या काळात त्याला कुणी हात लावत नाही. पौषात कूलर चालवणारा माणूस एक तर वेडा असतो किंवा काहीतरी लपवत असतो, यावर ठाण्यात कुणाचंच दुमत झालं नाही. हवालदारानं चहा खाली ठेवला. "थंडीत कूलर कोन लावते, साहेब? आत गांजाच हाये."

हे त्यानं हवेत सोडलं नव्हतं. काही दिवसांपूर्वीच आम्हाला एका प्रशिक्षणात सांगितलं होतं की आजकाल लोक घरात दिवे लावून गांजा पिकवतात. खोली बंद, खिडक्यांना पत्रे, गरम हवा बाहेर फेकणारा पंखा, विजेचा भरमसाट वापर. मी त्या गृहस्थांना एकेक विचारत गेलो आणि ते एकेकाला मान डोलवत गेले. वर त्यांनी सांगितलं की गल्लीतली सगळी कुत्री-मांजरं त्या कूलरसमोर येऊन झोपतात, कुत्री मांजरांवर भुंकतसुद्धा नाहीत. नशेचा असर, असं हवालदाराचं मत पडलं. मीही मान डोलावली.

त्या घरात नवरा-बायको दोघंच होते. नवरा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वायरमनचा वर्ग शिकवून निवृत्त झालेला, त्यामुळे गल्ली त्यांना सर म्हणायची. हवालदाराला साध्या वेशात समोरच्या चहाच्या टपरीवर बसवलं. तीन दिवसांची पाळत झाली. सर रोज दहाला जड पिशवी घेऊन स्कूटरवर जरीपटक्याकडे जातात, दोनला परत येतात. चारच्या पुढे बायका एकेक करून येतात, रिकामी थैली घेऊन आत जातात, भरून बाहेर पडतात. दारातून वजनकाटा दिसतो. कळमन्याच्या धान्यबाजाराकडून आलेल्या रिक्षातून दोन पोती उतरली. आणि कूलरमधून लसणाचा वास येतो. लसणाचं काय, असं विचारल्यावर हवालदार माझ्याकडे कीव आल्यासारखा पाहू लागला. गांजाचा वास मारायला लसूण, साहेब.

खरं सांगतो, मला पटलं. तीस-पस्तीस वर्षं संशय घेण्याचा पगार खाल्ला की माणसाला साधं उत्तर दिसेनासं होतं.

रीतसर तयारी केली. खबर लेखी करून उपायुक्त साहेबांना कळवली, दोन पंच बोलावले, सोबत महिला शिपाई, वजनकाटा, लाखेची कांडी, अमली पदार्थ तपासायची पेटी. नव्या कायद्यानं झडतीचं चित्रीकरण करावं लागतं, तेव्हा हवालदारानं मोबाईल पुसून घेतला. सर निघून जाऊ नयेत म्हणून नऊ वाजताच दार वाजवलं.

दार बाईंनी उघडलं. हाताला पीठ लागलेलं. मी झडतीचा हेतू सांगितला, तर त्या म्हणाल्या, चपला बाहेर काढा, आत वाळवण हाये. आम्ही सगळ्यांनी बूट काढले. अमली पदार्थविरोधी कारवाई मोज्यांवर करणारं ते महाराष्ट्रातलं पहिलं पथक असावं.

मागची खोली उघडली तसा मे महिन्यातल्या दुपारसारखा गरम वारा तोंडावर आला. भिंतीशी लोखंडी रॅकवर चार पेट्या घरघरत होत्या, त्यांचे हिरवे दिवे लुकलुकत होते. खिडकीत कूलर उलटा बसवलेला, आतली हवा बाहेर फेकणारा. आणि पेट्यांपासून कूलरपर्यंत खाटेवर, टेबलावर, दोरीवर टांगलेल्या चाळण्यांत अकरा ताटं. ताटांत मुंगवड्या. भिजवलेली मुगाची डाळ, हिरवी मिरची, आलं, लसूण. हवालदार चित्रीकरण करत एकेका ताटावरून फिरत होता आणि त्याचा आवाज बारीक होत गेला.

तरी आलोच आहोत म्हणून तपासणीची पेटी उघडून एक वडी कुस्करली, त्यावर थेंब टाकले. रंग बदलला नाही. बाई दारातून पाहत होत्या. म्हणाल्या, "कच्ची नोका तपासू साहेब, तळल्याबिगर काही समजत नाही."

पंचांपैकी एक हसला. मी त्याला दरडावलं, पण माझाच आवाज पडला होता. घरघरणाऱ्या पेट्यांकडे बोट करून, मागोमाग आत आलेल्या सरांना विचारलं, हे काय. सरांचा चेहरा उजळला, खडू हातात दिल्यासारखा. क्रिप्टोचं मायनिंग, साहेब. जगभर अशा पेट्या एकाच वेळी एक आकडा शोधत असतात. ज्याची पेटी आधी शोधते त्याला नवी नाणी मिळतात, हातात धरायची नव्हेत, संगणकातली. एकट्या पेटीला जन्मात सापडायचा नाही, म्हणून हजारो लोक पेट्या जोडून मिळून शोधतात आणि मिळेल ते वाटून घेतात. यात बेकायदा काही नाही, हे मी तिथूनच फोन करून विचारून घेतलं. वीज कंपनीचा माणूस आणला होता, त्यानं मीटर तपासून सांगितलं की तारेवर आकडा-बिकडा टाकलेला नाही, उलट या गल्लीत एवढं बिल वेळेवर भरणारं हे एकच घर आहे.

मी सहज विचारलं, परवडतं का? सरांनी एकदा दाराकडे पाहिलं, जिथं बाई उभ्या होत्या. "परवडते साहेब. मस्त परवडते." इतक्या मोठ्यानं कुणी खरं बोलत नाही. चोर असो की साव, खोटं बोलताना आवाज एक पट्टी वर जातो, हे मी नोकरीत शिकलेल्या मोजक्या उपयोगी गोष्टींपैकी एक.

गांजा तर गेला होता, पण जरीपटक्याच्या पिशवीचा उलगडा व्हायचा होता. सरांना पुढच्या खोलीत घेतलं, दार लोटलं, हवालदाराला जबाब लिहायला बसवलं. रोज दहा ते दोन कुठं जाता? लायब्ररीत, म्हणाले. पिशवी उघडली. पेचकस, मल्टिमीटर, डाख द्यायची सोल्डरिंगची सळई. लायब्ररीत डाख द्यावा लागतो का, असं विचारल्यावर सर खाली बसले.

मग सगळं आलं. फंडातून पैसे काढून दोन वर्षांपूर्वी जुन्या पेट्या घेतल्या. पहिले काही महिने थोडंफार मिळालं. मग बक्षिसाची नाणी कमी झाली, शोधणारे वाढले, गोदामं भरून यंत्रं लावणारे आले, वर सरकारचा कर. घरगुती दराच्या विजेवर चार पेट्यांनी त्यांच्यापुढे काय करायचं? वीजच निघेना. पण घेताना बायकोला सांगितलं होतं की दर महिन्याला मशीन कमाई देईल. म्हणून जरीपटक्यात एका दुरुस्तीच्या दुकानात मिक्सर-पंखे खोलायला बसतात, आणि एक तारखेला ती मजुरी मशीनची कमाई म्हणून बाईंच्या हातात ठेवतात. ज्या माणसानं शेकडो पोरांना वायरिंग शिकवलं, तो स्टुलावर बसून दुसऱ्याच्या मिक्सरचं भांडं घासत होता.

"साहेब, मले अटक करा पाहिजे तर," ते म्हणाले, "पन हिले हे सांगू नका."

नियम असा की दोघांना वेगवेगळं विचारायचं. स्वयंपाकघरात गेलो. महिला शिपाई तिथं आधीच दोन वड्या खाऊन बसली होती. बाईंना विचारलं, विजेचं बिल कोण पाहतं? त्यांनी गॅस बारीक केला. बिल दोन वर्षांपासून त्यांच्याच मोबाईलवर येतं. नवऱ्याला वाटतं, बायकोला त्यातलं काही समजत नाही. मशीनची कमाई म्हणून जे हातात येतं त्यात बिल अर्धंही भागत नाही, हे पहिल्याच उन्हाळ्यात त्यांच्या लक्षात आलं. खोली एवढी तापते तर तिचा उपयोग करावा, म्हणून वड्या घालायला घेतल्या. ऊन नको, पाखरं नकोत, धूळ नको. उरलेलं बिल वड्यांवर निघतं. जरीपटक्याचंही माहीत होतं. त्या दुकानाची मालकीण यांच्याच वड्या न्यायची.

मग काहून नाही बोलल्या, मी विचारलं. विचारताना मीच नागपुरी झालो.

"रिटायर झाल्यावर सहा महिने हे गॅलरीत बसून येनारे-जानारे मोजत राहिले, साहेब. आता सकाळी उठून मशीनपाशी जाते, आकडे वहीत लिहिते, मले येऊन सांगते. मले मालूम हाये हे त्यायले नोका सांगू."

चार महिन्यांनी मीही निवृत्त होणार होतो. माझ्या घरालाही गॅलरी आहे.

आता पंचाईत अशी की पंचनामा दोघांसमोर वाचून दाखवून सह्या घ्यायच्या. आणि माझा हवालदार मेहनती माणूस, त्यानं ऐकलेलं सगळं त्यातच उतरवलं होतं: सदर रक्कम यंत्राची नसून जरीपटका येथील मजुरीची असल्याचे सांगतो, वगैरे. मी मोठ्यानं वाचत होतो. लोखंडी रॅक एक, यंत्रे चार, कूलर एक उलट स्थितीत, मुंगवड्या ताटे अकरा. पुढच्या ओळीवर नजर गेली. सर खाली मान घालून उभे होते. बाई माझ्याकडे एकटक पाहत होत्या. मी खाकरलो आणि म्हणालो, "सदर यंत्रे चालू असून काम समाधानकारक आढळले. आक्षेपार्ह काही नाही."

हवालदार दचकला. त्याला बाहेर नेऊन समजावलं की गुन्हाच नाही तर जबाब कशाचा, पंचनाम्यात सापडलं तेवढंच लिहायचं असतं. नवा कागद घेऊन पुन्हा लिहायला लावला, मग सह्या झाल्या. नोकरीतले सगळे कागद चाळले तरी 'समाधानकारक' हा शब्द माझ्या दुसऱ्या कुठल्याच पंचनाम्यात मिळायचा नाही. सरांनी सही करताना बायकोकडे पाहिलं, आणि छातीत हवा भरून घेतली.

तेवढ्यात उपायुक्त साहेबांचा फोन. मुद्देमाल किती? अकरा ताटं, साहेब. कशाची? मी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, लसणाच्या आहेत का. संध्याकाळी अर्धा किलो पोचवल्या, रोख देऊन, पावतीसकट. त्या सगळ्या कारवाईत नियमाला धरून एकच उणीव सापडली होती, ती म्हणजे बाई खाद्यपदार्थ विकतात आणि नोंदणी नाही. ती त्यांनी आठवड्याभरात करून घेतली. तक्रार घेऊन आलेले शेजारी मात्र माझ्यावर नाराज झाले. त्यांना वाटत होतं की कूलर तरी जप्त होईल. नंतर कळलं, भिंत गार होईल म्हणून त्यांच्याच बायकोनं त्यांना झापलं होतं.

निवृत्तीनंतर मी वड्या आणायला जातो. मागच्या वेळी सर मला मागच्या खोलीत घेऊन गेले आणि कुजबुजले की मायनिंग आता घरी अजिबात परवडत नाही, साहेब, मी तर केव्हाच बंद केलं असतं, पण हिच्या वड्या कशा वाळतील? निघताना बाई फाटकापर्यंत आल्या. म्हणाल्या, वाळवायचं छोटं मशीन बाजारात स्वस्तात मिळतं, वीजही कमी खातं, पण मग हे सकाळी उठून काय करतील? दोन्ही जबाब मी ऐकून घेतले आणि पिशवी घेऊन निघालो.

या केसनं मला काय शिकवलं ते सांगायला हवं. आम्ही पोलीस समजतो की माणूस काहीतरी दाबायला खोटं बोलतो. पण काही वेळा माणसं एकमेकांना उभं ठेवायलाही खोटं बोलतात, आणि अशा ठिकाणी खाकीनं बूट काढूनच जावं. हे उशिरा शिकलो.

निवृत्तीनंतर पहिले काही दिवस मी गॅलरीत बसलो होतो. मग बायको म्हणाली, आठवणी लिहा. लिहू लागलो. दर आठवड्याला एक झाली की ती वाचते आणि खालच्या बिऱ्हाडाकडेही देऊन येते. काल म्हणाली, खालच्या काकूंना मागची फार आवडली, पुढची कधी म्हणून विचारत होत्या. खालचे लोक दोन महिन्यांपासून लेकाकडे गेले आहेत, दाराचं कुलूप मी रोज जिन्यावरून पाहतो. मी तिला म्हणालो, त्यांना सांग, कूलरवाली लिहायला घेतली आहे.