नानांनी शिवलेली पेटी

आमचे सासरे, नाना, समोर आलेली कुठलीही वस्तू शिवून टाकायचे. फाटकी नव्हे, चांगली धडधाकट. सुरतेच्या कापड बाजारात तीस वर्षं त्यांनी साड्यांची पार्सलं बांधली. बारदान गुंडाळायचं, दाभणानं सुतळीचे टाके घालायचे आणि वर कुंचल्यानं व्यापाऱ्याचा मारका, म्हणजे खुणेची अक्षरं काढायची. तो हात घरीही स्वस्थ बसत नसे. लग्न होऊन मी सुरतेतल्या गोडादऱ्याला आले, तर दुसऱ्याच दिवशी माझी माहेरची नवीकोरी गादी बारदानात शिवलेली. "पावसाळ्यात भिजंल," म्हणाले. तेव्हा मार्च चालू होता.

"हातातली वस्तू राहून जाते, शिवलेली पोहोचते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दिवसातून चार वेळा ऐकून माझे कान किटले होते. पण खोटं कशाला बोलू, तीस वर्षांत त्यांचं एकही पार्सल हरवलं नव्हतं. शेटजी स्वतःच्या पोरावर ठेवत नसतील एवढा भरवसा नानांच्या टाक्यावर ठेवायचे.

सासूबाईंना साखरेचा आजार होता. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन टोचावं लागे, आणि बाटल्या असायच्या समोरच्या काकींच्या फ्रिजमध्ये. त्यामुळे सहा वर्षं त्या एक रात्रही गल्लीबाहेर राहिल्या नव्हत्या. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गल्लीतल्या सगळ्या बाया खान्देशात माहेरी जायच्या, या दारात उभ्या राहून त्यांना निरोप द्यायच्या. माहेरी त्यांची ऐंशीच्या पुढची आई होती, डोळे गेलेली. त्या गावात फ्रिज सोडा, वीजही मनाला येईल तेव्हा यायची. सासूबाई तोंडानं काही म्हणत नसत. आखाजीच्या दिवशी भांडी मात्र जोरात आपटत.

त्या हिवाळ्यात माझ्या नवऱ्याची, गोपालची, मिल आठ दिवस बंद राहिली. नानांनी बमरोलीच्या एका कुल्फीवाल्याकडून जुनी बर्फाची पेटी उचलून आणली आणि जाहीर केलं, चौघांनी दीवला जायचं. सासूबाई घाबरल्या. नाना म्हणाले, "समुद्र तठे मासळी, मासळी तठे बरफ. मंग चिंता कसानी?"

पेटीचं झाकण ढिलं होतं. आत बर्फ, मधोमध डब्यात इन्सुलिनच्या बाटल्या, कडेनं प्लॅस्टिकमध्ये बांधलेले आमचे कपडे. दुसरी बॅग कशाला, म्हणे. मग अर्थातच पेटी शिवली, बारदानाचे दोन थर लावून. मी म्हटलं, निदान बाटल्या तरी हातात ठेवू. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी गुपचूप स्वयंपाकघरात गेले. संध्याकाळी लक्झरी बसच्या डिकीत पेटी लगेज म्हणून चढली, नानांनी लगेजची चिठ्ठी खिशात ठेवली आणि गाडीत निवांत घोरले.

सकाळी दीवला डिकी उघडली, तर पेटी नाही. नानांनी क्लीनरची कॉलरच धरली. तो बिचारा म्हणाला, "काका, एना पर तो भावनगरनो मारको हतो. साडीनां पार्सल साथे उतारी दीधी." नानांनी हात सोडला. तीस वर्षांच्या सवयीनं त्यांच्याच कुंचल्यानं पेटीवर भावनगरच्या व्यापाऱ्याचा मारका काढला होता, आणि आम्हा चौघांत कुणाचं लक्षही गेलं नव्हतं. सासूबाईंचं सकाळचं इंजेक्शन व्हायचं होतं.

दुसरा कुणी असता तर क्लीनरवर ढकलून मोकळा झाला असता. नानांनी त्या पोरसवद्या माणसाला हात जोडले, मग बायकोसमोर येऊन उभे राहिले. "गोपालनी माय, मना हात चुकना." सासूबाई म्हणाल्या, "तीस वरीसमा एकदाव चुकनात, ते बी मना पार्सलमा," आणि चक्क हसल्या. त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या सिस्टरनं इंजेक्शन दिलं, संध्याकाळचीही सोय केली. ते पाहिल्यावरच नाना पाणीसुद्धा न पिता भावनगरची बस धरायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पेटी घेऊन परतले. डोळे लाल, दाढी वाढलेली, पण चेहरा असा की लॉटरी लागली असावी. गोदामातला हमाल त्यांना म्हणाला होता, "पंधरा वर्षं तुमचे टाके कापतोय, माझी सुरी दर वेळी अडते." याचा आनंद होताच. पण खरी गोष्ट वेगळी होती. दीड दिवसानं पेटी उघडली, तर आत अर्ध्याच्या वर बर्फ शिल्लक! दुहेरी बारदानानं थंडावा धरून ठेवला होता. नाना समुद्राकडे पाठ करून वाळूत बसले आणि बोटांवर मोजू लागले. सुरतेहून सासूबाईंचं माहेर, जायचा एक दिवस, राहायचा एक, यायचा एक. धुळ्याला बर्फ बदलायचा. सासूबाई गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. "या ना," म्हणून हाका मारत होत्या, पण यांचं लक्ष कुठं होतं?

आखाजीला आम्ही निघालो. फाट्यावर मामांनी, सासूबाईंच्या भावानं, बैलगाडी पाठवली होती. नानांनी सासूबाईंना आणि मला गाडीत बसवलं, नवरा मागून चालत होता. पेटी काही त्यांनी गाडीत ठेवू दिली नाही. हादऱ्यानं बाटल्या फुटतील, म्हणाले. टॉवेलाची चुंबळ केली आणि पेटी डोक्यावर घेतली. वैशाखाचं ऊन आणि कोसभर वाट. पेटीतून पाणी ठिबकून सदरा ओला झाला होता. मला लाज वाटत होती, सरळच सांगते. खान्देशात जावई गावात शिरतो तो फेटा बांधून, मानानं. हमालासारखं ओझं घेऊन कुणी सासुरवाडीला जातं का? पारावरची माणसं हसायला लागली. एकानं विचारलंही, "काय हो जवाई, हमाली धरली का?" नाना थांबले नाहीत.

सासूबाईंची म्हातारी आई ओट्यावर बसली होती. पावलं ओळखीची वाटेनात म्हणून तिनं हात पुढे केला, तो ओल्या बारदानाला लागला. "कोण से? काय लयनात इतलं?" एवढं काय आणलंय ते ती चाचपू लागली.

नानांनी पेटी खाली उतरवली, सासूबाईंचा हात धरून तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "तुमनी पोर लई उनू, माय."