मावेजा आल्यावर

आमचा माळ रस्त्यात गेला. हट्ट्याजवळच्या त्या माळावर कुसळांशिवाय काही उगवत नव्हतं, वडील तिथं शेळ्या चारायचे. सरकारनं त्या जमिनीचा मावेजा दिला, आणि तो खात्यात आल्यापासून वडिलांची झोप उडाली. त्यांनी आईला आणि मला समोर बसवून सांगितलं, की रक्कम कुणालाच सांगायची नाही. मामाला नाही, मावशीला नाही. घराला रंग नाही, नवी गाडी नाही.

पण बँकेत वडिलांसोबत गेलेल्या काकांच्या, म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाच्या तोंडात तीळ भिजला नाही. मनात वाईट काही नव्हतं. औंढ्याला दर्शनाला गेले, तिथं हॉटेलात चहा पिता पिता भावाच्या नशिबाचं कौतुक करत बसले. ऐकणारे कोण होते, ते त्यांनाही आठवत नाही. मग प्लॉट विकणारे आले, कधी न पाहिलेले सोयरे आले. एकानं रस्त्यावरून आमच्या दाराचा फोटो काढला आणि आई बाहेर येताच मोटारसायकल वळवून निघून गेला. फोनवर कुणी कुणी बँकेचा साहेब बनून आकडे विचारायचं. शेवटी वडिलांनी तिघांचेही सिम बदलले. काकांशी बोलणं सोडलं. ते पारावर आले, की वडील उठून जायचे.

मी वसमतला कॉलेजात होते, एसटीनं ये-जा करायचे. एका दुपारी बसस्थानकावर गाडीची वाट बघत होते, तेव्हा एक माणूस थेट माझ्यासमोर येऊन उभा राहिला. पांढरा सदरा, बोलणं मऊ. त्यानं वडिलांचं पूर्ण नाव घेतलं. म्हणाला, वडिलांना चक्कर आली, नांदेडला दवाखान्यात नेलंय, त्यांनीच मला न्यायला पाठवलंय. बाहेर जीप उभी आहे.

वडिलांना फोन लावला, लागला नाही. शेळ्या घेऊन ते आता गावामागच्या माळरानात जायचे, तिथं रेंज नसतेच. आईचा नुसता वाजत राहिला. हळद काढायचे दिवस, ती शेतात आणि फोन घरी. सिम बदलताना गावातले बाकी सगळे नंबर गेलेले. काकांचा तेवढा मला लहानपणापासून पाठ होता.

"टाइम न्हाई बाई," तो माणूस म्हणाला. "काहून फोन करून राहिली? बापाला काही झालं तर?"

त्या वाक्यानं मी जवळजवळ निघालेच होते. खरंच काही झालं असेल तर, हा विचार मनातून जाईना. पण चौकशीच्या खिडकीशी बायकांचा घोळका होता, मी त्यांच्यात जाऊन उभी राहिले आणि काकांना फोन लावला. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "जीपमधी बसू नको. फोन चालू ठेव, मी दादाकडं पळतो."

त्यांच्या पायांचा आवाज, धाप, कुत्र्यांचं भुंकणं मला ऐकू येत होतं. तो माणूस खांबाशी उभा राहून माझ्याकडे बघत होता. हसत नव्हता, रागावतही नव्हता. मग दुरून शेळ्यांचं ओरडणं आलं, आणि फोनवर वडिलांचा आवाज.

"मी बराबर हाय, लेकरा. तितंच थांब. आमी येऊन राहिलो."

मी मान वर केली तेव्हा खांबाजवळ कुणी नव्हतं.

दोघं भाऊ एकाच मोटारसायकलवर आले. काका मागे बसले होते, पायात एकच चप्पल. पोलिसांत तक्रार दिली, पण तो माणूस सापडला नाही. त्याला पाठवलं कुणी, हे आजही कळलेलं नाही.

परत निघण्याआधी वडिलांनी स्टँडसमोरच्या दुकानातून काकांना चपला घेऊन दिल्या. काका म्हणाले, "दादा, माज्यामुळंच झालं हे." वडिलांनी मोटारसायकलची किल्ली त्यांच्या हातात दिली आणि माझ्यासोबत एसटीत बसायला आले. हट्टा येईपर्यंत त्यांनी माझं मनगट सोडलं नाही, आणि गाडीत चढणाऱ्या प्रत्येकाचं तोंड ते निरखून बघत होते.